धूर कुठे गेला? बायोचार पिकाला कधी मानवतो, कधी बाधतो

"ताई, बी खोटं निघालं का कोळसा खोटा, काय समजंना," असा मामेभावाचा फोन गेल्या जूनमध्ये आला. त्याने टोमॅटोच्या रोपांसाठी ट्रे भरले होते. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, यंदा पहिल्यांदाच घरी केलेला बायोचार, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा, मिसळला होता, पाच घमेल्यांना एक घमेलं. निम्म्या ट्रेमध्ये खड्ड्यात भाजलेला कोळसा होता, निम्म्यात ड्रममध्ये भाजलेला. दोन्ही एकाच वावरातल्या तुराट्यांचे. खड्ड्यातल्या कोळशाचे ट्रे आठव्या दिवशी हिरवेगार झाले. ड्रमच्या कोळशाच्या ट्रेमध्ये कुठे एखादं रोप वर आलेलं, तेही पिवळट. बाकीचं बी उकरून पाहिलं तर फुगून तसंच पडलेलं, मुळाचं टोक तपकिरी.

मी गेले तेव्हा दोन्ही कोळसे दोन गोण्यांत भरून ठेवले होते. ड्रमच्या गोणीचं तोंड सोडल्याबरोबर विझलेल्या चुलीचा आणि डांबरगोळीचा मिळून यावा तसा उग्र वास आला. मुठीत घेऊन चुरला तर बोटांना काळा चिकटा लागला. तो पाण्याने गेला नाही, साबण घ्यावा लागला. खड्ड्यातल्या कोळशाला वास जवळजवळ नव्हता. त्याचे तुकडे एकमेकांवर आपटले की काचेच्या बांगड्यांसारखी किणकिण ऐकू येई, आणि हातावरची काजळी पाण्याच्या धारेखाली निघून गेली.

दोन्हींचा थोडा थोडा कोळसा घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या अळिवाची बरणी काढली. बाळंतिणीच्या लाडवांत जातात तेच अळीव. विषारीपणा तपासायला जगभरातल्या प्रयोगशाळा हेच बी वापरतात, कारण ते एका दिवसात फुटतं आणि जरा काही वावगं असेल तर लगेच माना टाकतं. स्टीलचे तीन डबे घेतले. दोघांच्या तळाला एकेक वाटी कोळसा, जरासा ओला करून. मधोमध एक उपडी वाटी, तिच्यावर ओलं सुती फडकं, फडक्यावर मोजून वीस अळीव. म्हणजे बी कोळशाला कुठेही शिवत नाही, दोघांत सामाईक फक्त डब्यातली हवा. तिसऱ्या डब्यात कोळसाच नाही. झाकणं घट्ट लावून ठेवली.

तिसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यात आणि खड्ड्यातल्या कोळशाच्या डब्यात पांढऱ्या मुळ्यांचं जाळं झालं होतं. ड्रमच्या कोळशाच्या डब्यात तीन बिया जेमतेम फुटल्या होत्या. बाकी सगळ्या आपल्या बुळबुळीत आवरणात तशाच. कोळशाला हात न लावता बी मेलं, म्हणजे मारणारी गोष्ट हवेतून आली.

हा प्रयोग माझ्या डोक्यातून निघालेला नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या बायोचार संशोधन केंद्रात वोल्फ्राम बुस आणि ऑन्द्रेय माशेक यांनी 2014 मध्ये तो रीतसर केला. त्यांच्याकडचे कोळसे एकाच मऊ लाकडाच्या गोळ्यांपासून केलेले होते, तापमान सारखंच 550 अंश, भट्टीतला वेळही सारखाच, सुमारे 20 मिनिटं. फरक एवढाच की काही कोळशांवर भट्टीतल्याच वाफा परत जमल्या होत्या. असा दूषित कोळसा एक ग्रॅम जरी बंद भांड्यात ठेवला तरी अळीव मुळीच उगवले नाहीत. तो वाळूत शेकडा एक या प्रमाणात मिसळून त्यातून पाणी झिरपवलं, तर त्या पाण्यानेही बी मेलं. ज्या कोळशावर वाफा जमल्या नव्हत्या तो निर्धोक निघाला.

बायोचारवर बोलताना पहिला प्रश्न येतो तो तापमानाचा. मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: धूर कुठे गेला?

भट्टीच्या पोटात

लाकूड हवेत जाळलं की राख होते. हवा तोडून नुसतं तापवलं की कोळसा होतो. या दुसऱ्या प्रकाराला शास्त्रात पायरोलिसिस म्हणतात, आपण साधं भाजणं म्हणू. आधी पाणी निघून जातं. साधारण 220 अंशांपासून लाकडातलं हेमिसेल्युलोज मोडायला लागतं, 315 ते 400 अंशांत सेल्युलोज मोडतं, आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, सावकाश अगदी 900 अंशांपर्यंत मोडत राहतो. शंभर किलो वाळक्या लाकडाचा हाती येणारा कोळसा पंचवीस ते पस्तीस किलो. उरलेले पासष्ट ते पंचाहत्तर किलो गेले कुठे? त्यातलं बरंचसं धुरात गेलं.

हा धूर म्हणजे एक अख्खं रसायनांचं दुकान आहे. व्हिनेगरमधलं आम्ल, मिथेनॉल, फरफ्युरल, फिनॉल, क्रेसॉल, आणि घट्ट काळं डांबर. जपानमध्ये कोळसा-भट्टीचा धूर मुद्दाम थंड करून त्याचं पाणी जमवतात, त्याला मोकुसाकु म्हणतात. ते शेतात वापरतात, पण शेकडो पट पाणी घालून. तेच पाणी न पातळ करता झाडाच्या बुडाशी ओतलं तर झाड करपतं. बायोचारच्या भोकाभोकांत हाच अर्क घट्ट बसलेला असेल, तर आपण तो न पातळ करता बियाच्या शेजारी नेऊन ठेवतो.

धुराच्या नशिबी तीनच वाटा असतात. एक, तो जळून जातो. दोन, तो भट्टीबाहेर निघून जातो. तीन, तो आत अडकतो आणि भट्टी निवू लागली की कोळशावर परत बसतो, भाताच्या पातेल्याच्या झाकणावर वाफ थेंब होऊन जमावी तसा. कोळसा तर आधीच सच्छिद्र, शोषून घेण्यात पटाईत. समोर आलेलं तो सोडत नाही.

माझ्या मामेभावाचं नेमकं हेच झालं होतं. ड्रम भरला, पेटवला, पिवळा दाट धूर भसाभसा निघत असतानाच आभाळ भरून आलं. पाऊस पडला तर सगळं वाया जाईल म्हणून त्याने घाईने झाकण टाकलं आणि कडा मातीने लिंपून घेतल्या. हवा तोडली हे बरोबर, पण धुरासकट तोडली. रात्रभर ड्रम निवत गेला आणि तो सगळा धूर कोळशाच्या पोटात गेला. खड्ड्यातल्या भट्टीत असं होतच नाही. तिथे काट्याकुट्या थरांवर थर देत टाकतात आणि वर सतत जाळ ठेवतात. खालून येणारा धूर त्या जाळातून जाता जाता जळतो, आणि जाळ वरची हवा खाऊन टाकतो म्हणून खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. जाळच झाकणाचं काम करतो.

या साध्या तत्त्वावर 2014 च्या सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये हान्स-पेटर श्मिट आणि ऑस्ट्रेलियाचे पॉल टेलर यांनी शंकूच्या आकाराची लोखंडी भट्टी तयार केली, तिला कोन-टिकी म्हणतात. नेपाळच्या खेड्यांत तिच्या चाचण्या झाल्या. माल सरासरी 22 टक्केच निघाला, पण विषारी घटकांच्या बाबतीत तो युरोपच्या मानकात बसला. जमिनीत नुसता शंकूसारखा खड्डा खणला तरी काम होतं, ही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. त्यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

धूर जाळण्याची दुसरी रीत आपल्याकडे पुण्यात फार आधी रुजली. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी बसवली. पाचट बंद पिंपांत कोंबायचं, पिंपं भट्टीत ठेवायची, आणि पिंपांतून निघणारा धूर त्याच भट्टीत जाळून त्याच्या आचेवर पुढचं पाचट भाजायचं. या कामाला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कार 2002 मध्ये मिळाला. तिथे हेतू जमिनीचा नव्हता, चुलीत जाळायच्या कांडीकोळशाचा होता. पण धूर बाहेर नेऊन जाळायचा ही युक्ती बायोचारला जशीच्या तशी लागू पडते.

डांबरगोळीचे नातलग

वास जातो, आम्लं उडून जातात, फिनॉल पावसाने धुपतो. पण धुरात आणखी एक कुटुंब असतं ते इतक्या सहज जात नाही. त्याला पीएएच म्हणतात. मधाच्या पोळ्यातले षटकोनी कप्पे एकमेकांना चिकटून असतात, तसे कार्बनचे षटकोन चिकटून हे रेणू बनतात. दोन षटकोनांचा रेणू म्हणजे नॅफ्थलीन, कपाटातली डांबरगोळी. पाच षटकोनांचा बेंझोपायरीन, सिगारेटच्या आणि डिझेलच्या धुरात सापडतो आणि कर्करोगाला कारण ठरतो. बायोचारमध्ये बहुधा नॅफ्थलीनचाच भरणा असतो, मोठे भाऊ कमी असतात. ड्रमच्या गोणीचा मला आलेला वास या कुटुंबाची ओळख पटवून देत होता.

हे रेणू दोन वाटांनी तयार होतात. साधारण 500 अंशांच्या खाली, लाकडाचा सांगाडाच हळूहळू षटकोनांत बदलतो तेव्हा काही सुटे तुकडे पडतात. त्याहून जास्त आच असली की धुरातले छोटे छोटे वायूचे तुकडे हवेतच जुळून षटकोन बांधतात. म्हणूनच "आच वाढवा, पीएएच कमी होईल" हे गणित नेहमी बरोबर येत नाही. आच जास्त, वेळ भरपूर आणि धुराला वाट मोकळी, तर ते उडून जातात, कोळसा स्वच्छ होतो. आच जास्त पण धूर कोंडलेला, तर जास्त आचेवर जास्त रेणू बनून कोळशावर बसतात.

नॉर्वेच्या सारा हेल यांच्या गटाने 2012 मध्ये पन्नासहून जास्त बायोचार तपासले. संथपणे भाजलेल्या कोळशांत एका किलोमागे 0.07 ते 3.27 मिलिग्रॅम पीएएच निघालं आणि भाजायचा वेळ आणि आच वाढली तसं ते साधारणपणे उतरत गेलं. गॅसिफायरमधून, म्हणजे लाकूड किंवा भुसा तापवून जळाऊ गॅस काढायच्या यंत्रातून, आलेल्या एका कोळशात मात्र 45 मिलिग्रॅम. गॅसिफायरमध्ये आच तर चांगली 800 अंशांच्या घरात असते. पण तिथे गॅस मिळवणं हा मुख्य धंदा, कोळसा हा उरलेला माल, आणि तो डांबराने आणि काजळीने भरलेल्या गॅसच्या सहवासात राहतो. राइस मिलच्या गॅसिफायरमधला कोळसा फुकट मिळतो म्हणून ट्रॉली भरून आणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. युरोपच्या बायोचार प्रमाणपत्रात शेतीसाठीची मर्यादा किलोला 6 मिलिग्रॅमच्या आसपास आहे.

आता या 6 मिलिग्रॅमचा बाऊ किती करायचा? हिशेब करून पाहू. हेक्टरी दहा टन बायोचार टाकला, किलोला 6 मिलिग्रॅमवाला, तर एकूण 60 ग्रॅम पीएएच शेतात गेलं. वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी 2,200 टनांच्या आसपास. म्हणजे मातीच्या एका किलोत 0.03 मिलिग्रॅमही वाढ होत नाही. शिवाय कोळसा या रेणूंना इतकं घट्ट धरून ठेवतो की प्रयोगशाळेत ते सोडवायला टोल्युइन या द्रावकात तासन् तास उकळावं लागतं. मुळांना आणि गांडुळांना त्यातलं फार थोडं मिळतं. मर्यादेतला बायोचार शेतात पसरला तर पीएएचमुळे झोप उडवायचं कारण नाही.

पण रोपांच्या ट्रेमध्ये हे गणित उलटतं. शेतात कोळसा मातीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी असतो, ट्रेमध्ये मामेभावाने टाकला तसा सहात एक. बी त्याला अक्षरशः टेकून असतं आणि वरून झाकून ठेवलेलं असतं. त्यामुळे खराब कोळशाचा पहिला फटका नर्सरीत दिसतो, शेतात कदाचित दिसणारही नाही. कुंडीत बाग करणाऱ्या शहरातल्या मंडळींचंही तेच.

कच्चा आणि कडक

धुराचा निकाल लागला की मग तापमानाचं बोलू. 300-350 अंशांवर उरकलेला कोळसा रंगाने काळा दिसला तरी आतून कच्चा असतो. तुकडा मोडला तर आत तपकिरी झाक दिसते. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वर बसून राहतो, कारण पृष्ठभागावर तेलकट थर असतो. जमिनीत गेल्यावर त्यातला न भाजलेला भाग जिवाणू खातात आणि खाताना मातीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून पीक काही आठवडे पिवळं पडतं. हे विष नव्हे, पण शेतकऱ्याला दिसताना विषासारखंच दिसतं. पाण्यात उकडून 200 अंशांच्या आसपास केलेला जो हायड्रोचार असतो तो तर याहून कच्चा. ताजा वापरला तर बियाला हमखास नडतो.

500 ते 600 अंशांना, पुरेसा वेळ देऊन भाजलेला कोळसा पाणी पितो, खणखणीत वाजतो, हाताला चिकटत नाही. पक्केपणा मोजायचं शास्त्रीय माप म्हणजे त्यात कार्बनच्या मानाने हायड्रोजन किती उरला. दर दहा कार्बन अणूंमागे सातांहून कमी हायड्रोजन अणू असावेत असं युरोपच्या आणि आंतरराष्ट्रीय मानकांचं म्हणणं आहे.

मात्र आच वाढली की दुसरीच अडचण पुढे येते. लाकडातली पोटॅश, चुना, मॅग्नेशियम धुराबरोबर जात नाहीत, मागे राखेच्या रूपाने साठतात. कोळसा अल्कधर्मी होतो, सामू (पीएच) 9-10 किंवा त्याच्याही वर जातो. आता हा कोळसा कुठल्या मातीत टाकता यावर सगळं आहे. कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीचा सामू आम्लाकडे झुकलेला, तिथे तो चुन्यासारखा उपयोगी पडतो. तोच कोळसा देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकला, जिथे सामू आधीच 8 च्या पुढे आहे, तर लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळेनासं होतं. उसाची कोवळी पानं पांढरट पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्या भाषेत केवडा. मग लोक म्हणतात बायोचारने ऊस बिघडवला. बिघडवला खरा, पण विषाने नाही, सामूने. काळ्या रानात घालायचा तर आच मध्यम ठेवलेला, लाकडी काड्यांचा, कमी राखेचा कोळसा घ्यावा आणि तो आधी शेणखतात मुरवावा. पेंढा, पाचट, कोंबडीखत यांच्या कोळशात क्षार जास्त असतात. चोपण जमिनीत तो टाकण्याची घाई मी तरी करणार नाही.

गांडुळांचंही याच्याशी नातं आहे. अमेरिकेत पाइन लाकडाच्या आणि कोंबडीखताच्या कोळशाची तुलना झाली, तेव्हा कोंबडीखताच्या कोळशाचं प्रमाण वाढवलं तशी गांडुळं मेली, पाइनच्या कोळशात जगली. सामू एकदम चढणं आणि अमोनिया यांच्यावर संशय घेतला गेला. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात 2011 मध्ये मात्र वेगळंच दिसलं. गांडुळं कोळशापासून लांब पळत होती ती विषामुळे नाही, कोरडा कोळसा त्यांच्या अंगातलं पाणी ओढत होता म्हणून. कोळसा आधी भिजवून घातला की पळणं थांबलं. इतका सोपा उपाय, बादलीभर पाण्याचा.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगते. भाजताना कार्बनच्या सांगाड्यात अर्धवट तुटलेली बंधनं उरतात, त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. ती महिनोन्महिने टिकतात. चिनी संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की त्यांच्यामुळे मका, गहू आणि भाताच्या बियांची उगवण खुंटते. हे संशोधन अजून प्रयोगशाळेच्या ताटल्यांपुढे फारसं सरकलेलं नाही, म्हणून त्याची भीती घालावी असं मला वाटत नाही.

जे धुराबरोबर जात नाही

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती कच्च्या मालाची. वास आणि फिनॉल यांना उपाय आहे. जड धातूंना नाही. शिसं, क्रोमियम, तांबं आगीत नाहीसे होत नाहीत. शंभर किलोचे तीस किलो झाले की तेच धातू तीसमध्ये गोळा होतात, म्हणजे तिपटीहून जास्त घट्ट. कॅडमियम, आर्सेनिकसारखे काही धातू जास्त आचेवर थोडेफार उडून जातात, पण मग ते भट्टीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातात. युरोपची शेतीसाठीची कॅडमियमची मर्यादा किलोला 1.5 मिलिग्रॅम आहे, आणि हे जमिनीत एकदा गेलं की काढायची सोय नाही. कोळसा शेकडो वर्षं टिकतो हीच तर त्याची कीर्ती. मग त्याच्याबरोबर टाकलेलं विषही तितकंच टिकतं.

म्हणून जुन्या इमारतीचं रंग दिलेलं लाकूड, फर्निचरच्या कारखान्यातलं प्लायवूड आणि सनमायका, वाळवी लागू नये म्हणून तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं पाणी पाजलेले खांब, शहराच्या सांडपाण्याचा गाळ, हे कितीही फुकट मिळालं तरी शेताच्या बायोचारसाठी घेऊ नये. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, छाटणीच्या काड्या पुष्कळ आहेत.

प्लॅस्टिकचंही बारकाईने बघायला हवं. शेतातला काडीकचरा गोळा करताना त्यात ठिबकच्या नळ्यांचे तुकडे येतात. नळी बहुधा पॉलिथिनची असते, पण सबमेनचा पाइप पीव्हीसीचा. पीव्हीसीत क्लोरीन खच्चून भरलेलं असतं. क्लोरीन, थोडी हवा, तांब्याचा अंश आणि 200 ते 400 अंशांची आच एकत्र आली की डायऑक्सिन तयार होतात, माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. भट्टी निवताना याच तापमानातून जाते. हेल यांच्या तपासणीत नेहमीच्या कोळशांत डायऑक्सिनचं प्रमाण अगदी नगण्य होतं, हे दिलाशाचं. पण मिठाचं उष्टं अन्न, खाडीकाठचं खारवलेलं लाकूड आणि पीव्हीसी भट्टीत टाकायचं नाही, हा नियम सोडू नये.

भाताच्या तुसाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. तुसात सिलिका खूप. बेताच्या आचेवर ती निराकार राहते, निरुपद्रवी. पण खूप आच खूप वेळ दिली तर ती स्फटिक होते. स्फटिक सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली की दगडखाणीच्या कामगारांना होतो तोच सिलिकोसिस होतो, आणि ती कर्करोगकारक म्हणूनही नोंदली गेली आहे. पिकाला याचा काही त्रास नाही, त्रास फावडं मारणाऱ्याला आहे. तुसाचा कोळसा 550 अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि पसरण्याआधी ओला करावा. एरवी कुठलाही कोळसा ओला करूनच हाताळावा. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

बिघडलेला कोळसा सुधारतो का

धातू असतील तर नाही. धूर बसला असेल तर बऱ्याच अंशी हो. पोलंडच्या संशोधकांनी तयार बायोचार 100 ते 300 अंशांना पुन्हा तापवून पाहिला, तर पीएएच आणि विषारीपणा दोन्ही उतरले. घरी एवढी आच नीट सांभाळणं कठीण. पण उघड्यावर पातळ पसरून, अधूनमधून खालीवर करून, मग शेणात मुरवून ठेवलं तर उडणारे घटक उडतात, पाण्यात विरघळणारे सुटतात आणि जिवाणू फिनॉलचा फडशा पाडतात. कोळसा पाण्याने धुऊन घेतला तरीही चालतं, फक्त ते धुवण विहिरीकडे किंवा रोपांकडे जाऊ देऊ नका. त्याच पाण्याने एडिंबरामध्ये अळीव मेले होते.

आम्ही ड्रमचा कोळसा गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीवर चार बोटं जाड पसरला. मामी येता-जाता झाडूच्या दांड्याने तो हलवायची. पंधरा दिवसांनी वास अर्ध्यावर आला. महिन्याने तो शेणखतात मिसळून खड्ड्यात घातला. दिवाळीत मी पुन्हा तीन डबे मांडले. या वेळी त्या खताच्या डब्यात वीसपैकी सतरा अळीव फुटले, मुळ्या जरा आखूड होत्या, पण पांढऱ्या स्वच्छ. तरी तो माल आम्ही ट्रेमध्ये घातला नाही, आंब्याच्या आळ्यांत घातला.

या फेब्रुवारीत नवी तूर निघाली आणि तुराट्यांचा ढीग पुन्हा बांधावर आला. ड्रमला या वेळी खालून भोकं पाडली, वर जाळ धरला, म्हणजे वरून पेटून आच खाली सरकेल आणि धूर जाळातूनच बाहेर पडेल. संध्याकाळी साडेपाचला फोन आला.

"ताई, धूर आजून पिवळाच हाय. झाकण टाकू का?"

"नको. थांब."

"किती थांबू?"

"पिवळा जाऊन निळसर पातळ होईल, मग दिसेनासा होईल. तेव्हा टाक."

कोळसा-भट्ट्यांवर राबणाऱ्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पांढरा धूर म्हणजे पाणी जातंय, पिवळा म्हणजे डांबर जातंय, निळा दिसला की आतलं सरलं. त्यांनी कधी पीएएच हा शब्द ऐकला नसेल.

पाऊण तासाने पुन्हा फोन वाजला. "ताई, आता वर नुसती हवा हलल्यागत दिसतीया. धूर काय दिसंना." मागे मामीचा आवाज आला, पाण्याची कळशी आणू का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, दोन आण.